स्टेडियम तीस वर्षांचं, डायरेक्टर पाच वर्षांचा

प्रश्न थोडक्यात असा. एका गृहस्थांची मुलगी अमेरिकेत मिडवेस्टातल्या एका स्टेट युनिव्हर्सिटीत शिकतेय. एकाच आठवड्यात तिकडून दोन बातम्या आल्या, अमेरिकन फुटबॉलसाठी नवीन बिल्डिंग काही कोटी डॉलरची, आणि ॲथलेटिक डायरेक्टरचं (म्हणजे विद्यापीठाच्या सगळ्या खेळांच्या प्रमुखाचं) कॉन्ट्रॅक्ट वाढवलं पगारवाढीसकट. आणि त्याच सेमिस्टरला फी वाढली. तर हे पैसे आमच्या खिशातून जातात का, आणि खेळाच्या खात्यातल्या माणसाला विद्यापीठाच्या प्रेसिडेंटपेक्षा जास्त पगार कसा काय?

मी सतरा वर्षं दोन वेगवेगळ्या स्टेट युनिव्हर्सिट्यांच्या ॲथलेटिक डिपार्टमेंटच्या बिझनेस ऑफिसमध्ये काढलीत, म्हणजे मैदानावर नाही तर एक्सेल शीटमध्ये, त्यामुळे माझं उत्तर हिशेबाच्या बाजूने येणार हे आधीच सांगतो. आणि उत्तर "विद्यापीठ कुठलं त्यावर अवलंबून" असंच सुरू होतं, त्याला इलाज नाही.

फीचं आधी उरकून टाकू. ओहायो स्टेट, मिशिगन, टेक्सास असली जी मोठी नावं आहेत त्यांचं ॲथलेटिक्स बहुतेक स्वतःच्या कमाईवर चालतं. तिकिटं, टीव्हीचे हक्क, देणग्या, जाहिराती. बिग टेन कॉन्फरन्सने (कॉन्फरन्स म्हणजे आपापसात खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट) 2022 मध्ये फॉक्स, सीबीएस आणि एनबीसीबरोबर सात वर्षांचा करार जाहीर केला तो 7 अब्ज डॉलरच्या वरचा होता, त्यात प्रत्येक मेंबरचा वाटा. अशा ठिकाणी तुमच्या मुलीच्या ट्यूशनमधून फुटबॉलची बिल्डिंग उभी राहते असं सरळ म्हणता येत नाही. पण एकदा का या बड्या कॉन्फरन्सांच्या बाहेर पडलात की चित्र उलटं, तिथे अनेक विद्यापीठांत ॲथलेटिक्सचं निम्म्याहून जास्त उत्पन्न हे स्टुडंट फी आणि विद्यापीठाची मदत यातूनच येतं. एनसीएए म्हणजे कॉलेजच्या खेळांची देशपातळीवरची संघटना, तिचेच आकडे घ्या, कोविडच्या आधीच्या 2019 मध्ये खर्चापेक्षा स्वतःची कमाई जास्त अशी फक्त 25 विद्यापीठं होती. सगळ्या देशात 25. बाकीच्यांना कोणीतरी भर घालतंय, आणि तो "कोणीतरी" बहुतेक वेळा विद्यार्थी किंवा राज्याचा करदाता असतो.

आता बिल्डिंगकडे येऊ, कारण खरी मेख तिथे आहे.

बातमीत आकडा येतो तो बांधकामाचा. समजा 10 कोटी डॉलर. देणग्यांच्या घोषणा होतात, फावडी घेऊन हेल्मेट घातलेल्या लोकांचे फोटो येतात, सगळ्यांना वाटतं पैसे जमले. पण देणगी म्हणजे बऱ्याचदा पाच-दहा वर्षांत हप्त्याने देण्याचं वचन, आणि कंत्राटदाराला पैसे लागतात आत्ता. मग विद्यापीठ बाँड काढतं, साधारण तीस वर्षांचे. 10 कोटी 5 टक्क्यांनी तीस वर्षांसाठी घेतले तर वर्षाचा हप्ता 65 लाख डॉलरच्या आसपास बसतो. त्याच्यावर इमारत चालवायचा खर्च वेगळा. फॅसिलिटीवाल्यांचा जुना ठोकताळा आहे की इमारत नव्याने बांधायला जेवढे लागतील त्याच्या 2 ते 4 टक्के दरवर्षी देखभालीला ठेवा, म्हणजे आणखी 20 ते 40 लाख. वीज आणि सफाई त्यात नाही. कृत्रिम टर्फ दहा वर्षांच्या आसपास बदलावंच लागतं, व्हिडिओ बोर्डाचंही तसंच, आणि त्यासाठी कोणी देणगी देत नाही हो, टर्फ बदलण्याला कोण आपलं नाव लावून घेणार! म्हणजे 10 कोटींची बिल्डिंग हा खरं तर दरवर्षी जवळपास एक कोटी डॉलरचा खर्च आहे, तीस वर्षं, टीम जिंको वा हरो. घर पाहावं बांधून म्हणतात ते उगीच नाही.

देणगीदाराने अख्खी बिल्डिंगच बांधून दिली तरी हे चुकत नाही. ओरेगॉनमध्ये फिल नाइट म्हणजे नाइकीचे सहसंस्थापक, त्यांची पद्धत अशी की विद्यापीठाने जमीन नाममात्र भाड्याने त्यांच्या कंपनीला द्यायची, कंपनीने बांधायचं आणि तयार इमारत विद्यापीठाला भेट द्यायची. सरकारी टेंडरच्या फेऱ्यात न अडकता झटपट काम होतं. युजीनचं हेवर्ड फील्डही मुख्यतः देणगीच्या पैशावर नव्याने बांधलं, 2020 मध्ये तयार झालं. ते मैदान तुम्ही टीव्हीवर पाहिलंय, 2022 ची वर्ल्ड ॲथलेटिक्स चॅम्पियनशिप तिथेच झाली, नीरज चोप्राचं 88.13 मीटरचं सिल्व्हर तिथलं आणि आपल्या बीडचा अविनाश साबळे स्टीपलचेसच्या फायनलला धावला तो ट्रॅकही तोच. एका स्टेट युनिव्हर्सिटीचं मैदान आहे ते. भेट मिळालेल्या घराची लाइटबिलं मात्र ज्याला घर मिळालं त्यानेच भरायची असतात.

उलट टोकाला कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीचं बर्कली. कॅलिफोर्निया मेमोरियल स्टेडियम 1923 चं, आणि हेवर्ड फॉल्ट नावाची भूकंपाची भेग थेट त्याच्या खालून जाते (वरच्या हेवर्डशी काही संबंध नाही, नाव सारखं एवढंच), त्यामुळे मजबुतीकरण टाळताच येत नव्हतं. 2012 मध्ये नवं करून उघडलं. स्टेडियम आणि शेजारचं ट्रेनिंग सेंटर मिळून साधारण 44-45 कोटी डॉलरचं कर्ज झालं, त्यातला काही भाग तर शंभर वर्षांच्या मुदतीचा. फेडायचं कसं, तर काही हजार खास सीटांचे हक्क चाळीस-पन्नास वर्षांसाठी एकदम विकायचे. कागदावर सुंदर दिसत होतं. सीटा विकल्या गेल्या नाहीत तेवढ्या, टीम हरत गेली, आणि शेवटी 2018 मध्ये कर्जाचा मोठा भाग, भूकंपसुरक्षेच्या कामाचा म्हणून, कॅम्पसने आपल्या अंगावर घेतला. कॅम्पसने म्हणजे ॲथलेटिक्सच्या बजेटबाहेरच्या पैशातून.

ही सीटांची गणितं कशी होतात ते मी जवळून बघितलंय म्हणून सांगतो. माझ्या पहिल्या नोकरीत क्लब सीटचा, म्हणजे महागड्या खास सीटांचा, असाच एक प्रस्ताव होता, शीट मीच बनवलेली. कन्सल्टंटने सांगितलं पहिल्या वर्षापासून 90 टक्के विक्री धरा. मी शीटच्या त्या एका सेलमध्ये 90 च्या जागी 70 टक्के टाकून बघितलं तर चौथ्या वर्षापासून हप्ता भरायला पैसे कमी पडत होते, लालभडक आकडे. मी ते दाखवलं. मीटिंगमध्ये शांतता, मग आमचे तेव्हाचे डायरेक्टर म्हणाले की चांगली मेहनत आहे पण बोर्डाला एकच सिनॅरिओ दाखवू, जास्त दाखवले की लोक गोंधळतात. बोर्डाला 90 वालं गेलं. दोन सीझनने कोच गेला, त्याच वर्षी डायरेक्टरसुद्धा दुसरीकडे मोठ्या पगारावर गेले, आणि मी तिथेच बसून दरवर्षी कॅम्पसकडून "अंतर्गत कर्ज" मागायची पत्रं टाइप करत होतो. त्याला तूट म्हणायचं नाही, कर्ज म्हणायचं. परतफेड कधी, ती तारीख त्या पत्रात कधीच नसायची.

तर मला यातून एवढंच कळलंय की बाँड तीस वर्षांचा असतो आणि ज्याच्या उत्साहावर तो काढला तो माणूस बहुतेक वेळा पाचेक वर्षांत नसतो. म्हणून बिल्डिंगची बातमी आणि डायरेक्टरच्या कॉन्ट्रॅक्टची बातमी एकाच आठवड्यात आली यात मला तरी नवल वाटत नाही, बोर्ड मुद्दाम तसं करतं, एवढं कर्ज काढतोय तर निदान हा माणूस तरी टिकव. ते टिकणं कितपत खरं असतं ते 2024 च्या सुरुवातीचे दोन-तीन महिने आठवलेत तर समजेल. टेक्सास ए अँड एमचा रॉस ब्योर्क ओहायो स्टेटला गेला. त्याची जागा भरायला ए अँड एमने नेब्रास्काचा ट्रेव्ह अल्बर्ट्स उचलला. नेब्रास्काने वॉशिंग्टनचा ट्रॉय डॅनेन घेतला, जो वॉशिंग्टनला जाऊन जेमतेम पाच-साडेपाच महिने झाले होते. मग वॉशिंग्टनने शेजारच्या वॉशिंग्टन स्टेटचा पॅट चुन नेला. सगळ्या स्टेट युनिव्हर्सिट्या, सगळी संगीतखुर्ची. आणि यात नेब्रास्काचा किस्सा बघा, ऑक्टोबर 2023 मध्ये तिथल्या रीजंट्सनी, म्हणजे विद्यापीठाच्या बोर्डाने, मेमोरियल स्टेडियमच्या 45 कोटी डॉलरच्या कामाला मंजुरी दिली होती अल्बर्ट्सच्या काळात, पाच महिन्यांनी अल्बर्ट्स गेला, आणि नवा माणूस आल्यावर तो प्लॅन पुन्हा तपासायला घेतला गेला. डॅनेनने थांबून बघितलं याचं मी तरी कौतुकच करेन, आधीच्याने काढलेल्या नकाशावर डोळे मिटून सही करणं सोपं असतं.

पगाराचं. पॉवर म्हणजे सगळ्यात बड्या कॉन्फरन्समधल्या बऱ्याच डायरेक्टरांचं पॅकेज आता वर्षाला दहा लाख डॉलरच्या वर असतं. कोचचा पगार तर विचारूच नका, अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत सगळ्यात जास्त पगाराचा सरकारी कर्मचारी हा गव्हर्नर नसतो, फुटबॉल नाहीतर बास्केटबॉलचा कोच असतो. डायरेक्टरच्या बाबतीत माझं मत थोडं वेगळं आहे, पगार हा त्याचा खर्च नाहीच, त्याची सही हा खर्च आहे. ए अँड एमचं उदाहरण सगळ्यांना माहितीये. डिसेंबर 2017 मध्ये तेव्हाचा डायरेक्टर स्कॉट वुडवर्डने कोच जिंबो फिशरला दहा वर्षं, 7.5 कोटी डॉलर, सगळे गॅरंटीड असं आणलं. वुडवर्ड 2019 ला एलएसयूला (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीला) गेला. 2021 मध्ये ब्योर्कच्या काळात फिशरचं कॉन्ट्रॅक्ट आणखी लांबवलं आणि वाढवलं. नोव्हेंबर 2023 ला काढला तेव्हा देणं होतं साधारण 7.6 कोटी डॉलर, आणि त्या कॉन्ट्रॅक्टात अशी अटच नव्हती की दुसरीकडे नोकरी लागली तर तेवढी रक्कम वजा होईल. एवढ्या पैशात छोट्या विद्यापीठाचं आख्खं स्टेडियम होतं. इकडे वुडवर्डने एलएसयूला 2021 मध्ये ब्रायन केलीला आणलं, ऑक्टोबर 2025 मध्ये त्यालाही काढलं, देणं सुमारे 5.4 कोटी. त्यावर लुइझियानाचे गव्हर्नर जेफ लँड्री जाहीरपणे म्हणाले की पुढचा कोच वुडवर्ड निवडणार नाही, आणि लगेचच वुडवर्डही बाहेर. स्टेट युनिव्हर्सिटी म्हटली की हे आलंच, बोर्डावर गव्हर्नरची माणसं असतात, त्यामुळे डायरेक्टरला हिशेबाबरोबर राजकारणही सांभाळावं लागतं.

मग चांगला डायरेक्टर ओळखायचा कसा? माझी एक खूण आहे, जरा विचित्र वाटेल, पण तो लाँड्री रूममध्ये कधी जातो ते बघायचं. दुसऱ्या विद्यापीठात फुटबॉल बिल्डिंगचे नकाशे आले, लॉकर रूममध्ये रंग बदलणारे दिवे, न्हाव्याची खुर्ची, झोपायचे पॉड, आणि इक्विपमेंट मॅनेजर, पंचवीस वर्षं तिथे असलेला गडी, कोपऱ्यात बसून शेवटी म्हणाला की शंभरेक पोरांचे कपडे दिवसातून दोनदा धुवायचे असतात, तुम्ही ड्रायर दोनच दाखवलेत आणि एक्झॉस्ट भिंतीच्या ज्या बाजूला काढलाय तिथे पलीकडे तुमची रिक्रूट्सना (टीममध्ये घ्यायच्या नव्या पोरांना) फिरवायची लॉबी आहे. कोणालाच उत्तर देता येईना. त्या वेळच्या डायरेक्टर बाईंनी तिथेच मीटिंग थांबवली, आर्किटेक्टला घेऊन जुन्या लाँड्रीत गेल्या, तासभर तिथे उभ्या, ओल्या टॉवेलांच्या वासात. न्हाव्याची खुर्ची कटली, ड्रायर सहा झाले. वाचलेल्या पैशातून स्विमिंग पूलच्या छताची गळती बंद केली, जिथे मुलींची टीम दोन वर्षं डेकवर बादल्या ठेवून प्रॅक्टिस करत होती.

या पूलवरून टायटल नाइनचं आठवलं, शिक्षणात मुलामुलींत भेदभाव नको असं सांगणारा 1972 चा कायदा. मुलांना नवं बेसबॉल मैदान मिळालं आणि मुलींचं सॉफ्टबॉल गवत उगवलेल्या कोपऱ्यात राहिलं तर "पैसे देणगीदाराने बेसबॉललाच दिले होते" ही सबब चालत नाही, पैसे कुठूनही येवोत, समतोल राखायची जबाबदारी विद्यापीठाची. लॉकर रूम, प्रॅक्टिसची जागा, सामन्याचं मैदान, सगळं तपासलं जातं. जो डायरेक्टर हे आधीच धरून चालतो त्याचं बजेट सुरुवातीला फुगलेलं दिसतं, जो धरत नाही त्याचं नंतर कोर्टात फुगतं.

आणि हो, बांधकामच करू नये असं माझं म्हणणं नाही. पेन स्टेटने मे 2024 मध्ये बीव्हर स्टेडियमसाठी 70 कोटी डॉलर मंजूर केले, त्यात एक कारण अगदी साधं होतं, राष्ट्रीय विजेतेपदाचा प्लेऑफ 12 टीमचा झाल्यावर डिसेंबरात घरच्या मैदानावर सामना येऊ शकतो आणि जुन्या स्टेडियमचे पाइप त्या थंडीसाठी केलेलेच नव्हते. हे खरं काम. त्याच पेन स्टेटने ऑक्टोबर 2025 मध्ये कोच जेम्स फ्रँकलिनला काढलं, म्हणजे काम पुरं व्हायच्या आतच, ते असो. बॉइझी स्टेटचं तर मला फार आवडतं. 1986 मध्ये टर्फ बदलायचंच होतं, साडेसात लाख डॉलर जाणार होते, डायरेक्टर जीन ब्लायमायरने विचार केला की एवढे घालवून पुन्हा हिरवंच दिसणार असेल तर कोणाच्या लक्षात येणार, म्हणून निळं टाकलं. लोक हसले. आज देशभरात ते मैदान त्या निळ्या रंगाने ओळखतात. ब्लायमायर तिथे 1982 ते 2011 होता, जवळपास तीस वर्षं, म्हणजे एका बाँडएवढा!

आणि नुसत्या माणसाने काय होतं बघायचं तर इंडियाना. 2023 ला 3 जिंकल्या 9 हरल्या, कोच टॉम ॲलनला काढायला 1.55 कोटी दिले, डायरेक्टर स्कॉट डॉल्सनने जेम्स मॅडिसनवरून कर्ट सिग्नेटीला आणलं, 2024 ला 11 जिंकल्या 2 हरल्या आणि थेट प्लेऑफ. स्टेडियम तेच 1960 चं, मधे मधे डागडुजी झालेलं. डॉल्सन स्वतः विद्यार्थी असताना तिथल्याच बास्केटबॉल टीमचा स्टुडंट मॅनेजर होता, टॉवेल-बाटल्या सांभाळणारा, त्यामुळे माझ्या लाँड्रीच्या थिअरीला थोडं बळ मिळतं असं मी समजतो.

आता 2025 नंतर सगळ्याच शीट बदलल्यात. खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध केलेल्या हाउस खटल्याची तडजोड 6 जून 2025 ला कोर्टाने मंजूर केली, त्यामुळे विद्यापीठ खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतं, पहिल्या वर्षी मर्यादा 2.05 कोटी डॉलर आणि ती दरवर्षी वाढत जाणार. आधी खेळाडूला पगार देता येत नव्हता म्हणून तोच पैसा लॉकर रूममधल्या धबधब्यात आणि लेदरच्या खुर्च्यांत जायचा, रिक्रूटला भुलवायला. आता त्या पोराला खुर्चीपेक्षा चेक बघायचाय. म्हणून तुमच्या विद्यापीठाने याच काळात नवी बिल्डिंग काढली असेल तर मी पहिला प्रश्न हाच विचारेन की 2.05 कोटी आणि नवा हप्ता दोन्ही एकाच टीव्हीच्या चेकमधून भरायचं ठरलंय का, कारण तो चेकसुद्धा कायमचा नसतो. पश्चिमेकडच्या पॅक-12 कॉन्फरन्समध्ये सगळ्यांना तो कायमचाच वाटायचा, ऑगस्ट 2023 मध्ये ओरेगॉन आणि वॉशिंग्टन निघाले आणि महिनाभरात मागे उरले वॉशिंग्टन स्टेट आणि ओरेगॉन स्टेट, बांधकामांचे हप्ते तसेच चालू.

तुमच्या हातात काय आहे, तर बरंच आहे, कारण सरकारी विद्यापीठ आहे. दरवर्षी एनसीएएला एक आर्थिक रिपोर्ट जातो, बहुतेक राज्यांत तो पब्लिक रेकॉर्ड म्हणून अर्ज करून मागता येतो, पाच ओळींचा ईमेल पुरतो. त्यात तीनच ओळी वाचा, स्टुडंट फी, विद्यापीठाची थेट मदत, आणि फॅसिलिटीवरचं कर्ज व त्याचा वर्षाचा हप्ता. डायरेक्टरचं कॉन्ट्रॅक्टही मागा, बिनाकारण काढलं तर काय द्यायचं आणि तो स्वतः सोडून गेला तर त्याने काय भरायचं हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा, पहिला मोठा आणि दुसरा चिल्लर असेल तर तो टिकणार की नाही हे बोर्डालाही माहीत नाही. आणि मुलीचं बिल उघडा. "ॲथलेटिक फी" अशी स्वच्छ ओळ काही ठिकाणी असते, काही ठिकाणी ती "स्टुडंट ॲक्टिव्हिटी" किंवा "जनरल सर्व्हिसेस" मध्ये घातलेली असते, तेव्हा ओळ दिसली नाही म्हणून फी नाही असं धरू नका, बर्सरच्या (फी गोळा करणाऱ्या) ऑफिसला त्या रकमेची फोड मागा, ती देतात.